न्यायाचा खर्च कोणाच्या माथी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीत तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु तिने एक गोष्ट सोयीने वगळलेली आहे, आणि ती आमच्या ध्यानात यायला फार वर्षे लागली. सगळे शहाणे पायरीखाली उभे राहिले, तरी कोणाला तरी वर जावेच लागते. नाहीतर गच्ची गळतच राहते. प्रस्तुत लेख आम्ही लिहीत आहोत तो खाली उभे राहिलेल्यांपैकी एक म्हणून. वाचकांनी हे आरंभीच लक्षात घ्यावे.

धरमपेठेत जुने बंगले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील. झेंडा चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून पूर्वी चालत गेले की व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या आणि कुंपणावरून डोकावणारी पेरूची झाडे दिसत. एकेक घरमालक वारला, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, आणि भूखंडावर आम्ही नागपूरकर जिला ‘फ्लॅट स्कीम’ म्हणतो ती उभी राहिली. आमची इमारत त्यांतलीच एक. चार मजले, मजल्याला तीन घरे, अशा बारा सदनिका; खाली खांबांमधली मोकळी जागा मोटारींसाठी. २००७ साली आम्ही राहायला आलो. पहिल्याच पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या छतांना ओल धरली, जिन्याच्या भिंतींवर बुरशी चढली. महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र ‘पंधरा दिवसांत’ मिळणार होते. ते पंधरा दिवस पुढे बारा वर्षे चालले.

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे केवळ एक कागद, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही वाटत असे. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला, तो वाचल्यावर त्याची किंमत कळली. त्या संस्थेच्या रहिवाशांना या एका कागदावाचून मालमत्ता कर पंचवीस टक्के आणि पाणीपट्टी पन्नास टक्के अधिक भरावी लागत होती. बिल्डरने हे प्रमाणपत्र मिळवून न देणे ही सेवेतील त्रुटी असून ती दररोज नव्याने घडत राहते, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु हे पुढचे झाले.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळी इमारत त्यांना ‘सर’ म्हणते, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. २००९ च्या आरंभी सर प्रत्येक दारी एक कागद घेऊन आले. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे सामाईक तक्रार करायची होती. बारापैकी सात घरांनी सही केली. पाचांनी केली नाही. एकांनी घर भाड्याने दिले होते आणि ते स्वतः पुण्याला असत. एकांना घर विकायचे होते. तंट्यातल्या घराला भाव येणार नाही ही त्यांची भीती. एकांचे बिल्डरशी घरोब्याचे संबंध. चौथ्यांनी तर हसत सांगितले, “तुम्ही लढा सर, जिंकलात की आम्ही आहोतच!” पाचवे घर आमचे.

आम्ही कारण दिले ते मोठे धार्मिक होते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौलाने आपसांतले तंटे न्यायासनापुढे नेणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे, त्यापेक्षा हानी सोसलेली बरी असे सुचवले आहे, त्याचा आधार घेऊन आम्ही सरांना म्हटले, “आम्ही कोर्टकचेरीच्या भानगडीत पडत नाही.” सर “बरं” म्हणाले आणि जिना चढून गेले. पौलाने स्वतःची हानी सोसायला सांगितले होते. आम्ही सोसायला लावली ती शेजाऱ्याला, हे त्या संध्याकाळी आमच्या मनातही आले नाही.

खरे कारण वेगळेच होते, आणि ते लिहिताना हात अडखळतो. खांबांमधल्या मोकळ्या जागेतला कोपरा, जिथे पावसाचा शिंतोडाही येत नाही, तो बिल्डरने आमच्या मोटारीसाठी तोंडी देऊ केला होता. त्याबद्दल त्याने काही मागितले नाही, आम्हीही काही कबूल केले नाही. सहीचा कागद समोर आला तेव्हा मात्र तो कोपरा प्रथम आठवला. पुढे ऑगस्ट २०१० मध्ये, दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, अशी खांबांखालची जागा बिल्डरला वेगळी करून विकता येत नाही, ती सर्व रहिवाशांच्या सामाईक हक्काची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे बिल्डरने आम्हाला जे दिले ते त्याचे नव्हतेच. ते सरांचेही होते.

सरांचे घर कोरडे होते. हे सांगितलेच पाहिजे, कारण गळणाऱ्या चार भिंतींसाठी माणूस धडपडला तर त्यात नवल नाही. त्यांच्या छताला ओलीचा एक डागही नव्हता.

खटल्याची हकीकत फार लांबवीत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयाचे जिने ज्यांनी चढले आहेत त्यांना ती ठाऊक आहे, आणि ज्यांनी चढले नाहीत त्यांना कंटाळवाणी वाटेल. तीन महिन्यांत निकाल लावावा अशी कायद्याची अपेक्षा. आमच्या इमारतीच्या तक्रारीला तीन वर्षे लागली. २०१२ मध्ये मंचाने गच्चीची दुरुस्ती आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचा आदेश दिला. बिल्डर राज्य आयोगाच्या नागपूर येथील परिक्रमा खंडपीठाकडे अपिलात गेला. त्या वेळी अपील करणाऱ्याने आदेशातील रकमेचा निम्मा भाग किंवा पंचवीस हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते भरायचे असे. तेव्हा बिल्डरला वेळ विकत घेणे अवघड नव्हते. (२०१९ च्या नव्या कायद्याने, म्हणजे २० जुलै २०२० पासून, ही पंचवीस हजारांची मर्यादा गेली आणि निम्मी रक्कम भरणे आवश्यक झाले.) २०१७ मध्ये अपील फेटाळले गेले. गच्ची २०१८ मध्ये दुरुस्त झाली, प्रमाणपत्र २०१९ मध्ये आले. त्या वर्षीच्या पावसात जिन्याच्या भिंती कोरड्या होत्या. बाराही घरांसाठी तो एकच जिना.

आता हिशेब. सरांनी एक दोनशे पानी वही ठेवली होती. वकिलांचे मंचापुढील शुल्क साठ हजार, अपिलातील पंचेचाळीस हजार. गच्चीची तपासणी करून अहवाल देणाऱ्या अभियंत्याचे अठरा हजार. झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रे, नोटरी, टपाल, रिक्षा मिळून अकरा हजार चारशे. एकूण एक लाख चौतीस हजार चारशे. मंचाने तक्रारीच्या खर्चापोटी पाच हजार आणि आयोगाने अपिलाच्या खर्चापोटी दहा हजार मंजूर केले. पंधरा हजार वजा जाता एक लाख एकोणीस हजार चारशे रुपये उरले, ते सात घरांनी वाटून घेतले: प्रत्येकी सुमारे सतरा हजार सत्तावन्न. वहीच्या शेवटच्या पानावर सरांनी तारखांची यादी केली होती. एक्केचाळीस खेपा. त्यांच्यापुढे रक्कम लिहिलेली नव्हती.

जिंकलेल्याने हा खर्च का सोसावा? येथून आमच्या विचाराला सुरुवात झाली. आपला दिवाणी कायदा तत्त्वतः स्पष्ट आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५ व्या कलमानुसार खर्च देववणे न्यायालयाच्या विवेकाधीन असले, तरी हरलेल्याकडून तो देववायचा नसेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पक्षकारांना ‘पुरेसा’ खर्च देववण्याचा अधिकार मंचाला दिलेला होता आणि २०१९ च्या कायद्यातही तो शब्द कायम आहे. ‘पुरेसा’ या शब्दाला व्यवहारात काय अर्थ उरतो ते सरांच्या वहीत दिसते. खोट्या किंवा त्रासदायक दाव्यासाठी संहितेच्या ३५-अ कलमात जी भरपाई सांगितली आहे तिची कमाल मर्यादा १९७६ पासून तीन हजार रुपये. तीन हजारांत हल्ली नागपुरात अनुभवी वकिलाची एक खेप तरी होते की नाही याची शंका आहे. २०१० साली विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज या प्रकरणात खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वास्तवाला धरून सुधारायला हवी असे मत नोंदवले. विधी आयोगानेही २०१२ मध्ये आपला २४० वा अहवाल केवळ दिवाणी दाव्यांतील खर्च या विषयाला वाहिला. सामान्य दाव्यांपुरती ती मर्यादा तरीही हटली नाही.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असे नाही. इंग्लंडात १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने विजयी वादीला खर्च मिळू लागला आणि हरणाऱ्याने भरावे ही रीत तेथे रुजली. अमेरिकेने उलटी वाट धरली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १७९६ मध्ये एका प्रकरणात नुकसानभरपाईत धरलेले वकिलाचे सोळाशे डॉलर वगळले, आणि ज्याचा खर्च त्याने सोसावा हा तेथील सर्वसाधारण नियम होऊन बसला.

आम्हाला पहिल्याने इंग्रजांची रीतच न्याय्य वाटली. मोशेच्या नियमशास्त्रातला एक दाखलाही तिला पोषक आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात दोन भांडणाऱ्यांची गोष्ट येते: एकाने दुसऱ्याला दगडाने किंवा ठोशाने मारले, मार खाणारा अंथरुणाला खिळला आणि मग काठी टेकत हिंडूफिरू लागला, तर मारणाऱ्याला शिक्षा नाही, परंतु त्याने जखम बरी होण्याचा खर्च द्यायचा, आणि त्याबरोबरच त्या माणसाच्या बुडालेल्या वेळेचीही भरपाई करायची. इतक्या प्राचीन काळच्या त्या मेंढपाळांना हे कळले होते की इजा ठोशापाशी संपत नाही. बरे होण्यात गेलेले दिवसही त्या इजेतच मोडतात. गळकी गच्ची ही इजा. ती दुरुस्त करून घेण्यासाठी झिजवलेले जिने हीसुद्धा त्याच इजेचा भाग. मग एक्केचाळीस खेपांपुढे रक्कम का नसावी?

पण सरांपाशी हे बोललो तेव्हा त्यांनी आम्हाला अडवले. ते म्हणाले, “आम्ही हरलो असतो तर?” बिल्डरच्या बाजूने दोन वकील येत, त्यांतले एक उच्च न्यायालयात काम करणारे. हरणाऱ्याने सगळा खर्च द्यावा असा नियम असता तर सात घरांपैकी किती घरांनी सही केली असती? चौथ्या मजल्यावर एका विधवा बाई राहत, त्यांना निवृत्तिवेतनावर घर चालवायचे होते. “त्यांनी तर नक्कीच केली नसती,” सर म्हणाले. १९८६ च्या कायद्याच्या २६ व्या कलमात निरर्थक तक्रार करणाऱ्याला दंड होता, पण तो दहा हजारांपलीकडे जात नसे. ग्राहकाचे दार उघडे राहण्यात या मर्यादेचा वाटा होता. ज्या मर्यादेने सरांचे नुकसान केले, तिच्यासारख्याच एका मर्यादेने त्या बाईंना धीर दिला होता. आम्ही निरुत्तर झालो, आणि अजूनही या बाबतीत आमचे मत पूर्ण ठरलेले नाही. एवढे मात्र वाटते की ग्राहक आणि बिल्डर यांना एकाच मापाने मोजायचे कारण नाही. एकाचा खर्च पेन्शनीतून जातो. दुसऱ्याचा धंद्याच्या खर्चात धरला जातो आणि पुढच्या स्कीममधल्या घरांच्या किमतीत मिसळून जातो. ज्यांनी अजून घर घेतलेलेही नाही ते आमच्या गच्चीच्या खटल्याचे पैसे भरतात!

भुर्दंड असा हातोहात पुढे सरकतो, हे लखनौच्या एका जुन्या प्रकरणात न्यायाधीशांनी नेमके हेरले होते. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता, निकाल ५ नोव्हेंबर १९९३. गुप्ता यांनी पैसे भरूनही प्राधिकरणाने घराचा ताबा दिला नव्हता. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ आहे हे या निकालाने पक्के झाले, आणि आज धरमपेठेतला फ्लॅटधारक बिल्डरला ग्राहक आयोगापुढे उभा करू शकतो त्याच्या मुळाशी हा निकाल आहे. परंतु आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा शेवट. मानसिक त्रासापोटी दहा हजार रुपये मंजूर झाले होते. न्यायालयाने विचारले की हे दहा हजार अखेर देणार कोण? प्राधिकरणाने दिले तर ते जनतेच्या करातून जाणार, म्हणजे त्रास देणारा मोकळा आणि त्रास सोसणाराच कररूपाने भरणार. म्हणून आदेश झाला की सहा महिन्यांत जबाबदार अधिकारी निश्चित करावेत आणि ही रक्कम त्यांच्या पगारातून वसूल करावी. रक्कम लहान होती. ती कोणाच्या खिशातून निघते याचा शोध घेण्याची तसदी मात्र कोणीतरी घेतली.

तोच शोध आम्ही आमच्या जिन्यावर घेऊ लागलो, तेव्हा तो आमच्याच दाराशी येऊन थांबला. बिल्डरने जे द्यायला हवे होते आणि दिले नाही, ते सात घरांनी दिले, आणि उपभोग बारांनी घेतला. एक लाख एकोणीस हजार चारशेला बाराने भागले तर प्रत्येकी नऊ हजार नऊशे पन्नास येतात. आमच्या वाट्याचे ते पैसे गेली कित्येक वर्षे दुसऱ्याच्या घरातून गेलेले होते.

माणूस स्वतःचा बचाव करण्यात मोठा तरबेज असतो. आम्ही म्हटले, आम्ही थोडेच सांगितले होते लढायला? त्यावर १८७२ च्या करार कायद्यातले ७० वे कलम एका वकील स्नेह्यांनी दाखवले: कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा हेतू नसला आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा. “पण सर तुमच्यासाठी लढले की स्वतःसाठी, यावर वाद घालता येईल,” असेही ते म्हणाले. वाद घालता येईल हे ऐकून आम्हाला हायसे वाटले, आणि त्या हायशा वाटण्याचीच नंतर लाज वाटली.

मग संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे वळलो. परतफेडीच्या कर्तव्याविषयी लिहिताना त्यांनी दुसऱ्याच्या हानीला हातभार लावण्याचे नऊ प्रकार सांगितले आहेत. आज्ञा देणे, सल्ला देणे, संमती, लूट स्वीकारणे वगैरे; आणि शेवटी गप्प राहणे, न रोखणे, उघड न करणे. मात्र गप्प बसणारा प्रत्येक जण परतफेडीला बांधील ठरत नाही, असा विवेकही त्यांनी केला आहे. ज्याच्यावर बोलण्याची जबाबदारीच होती तो मात्र ठरतो. हे वाचून क्षणभर सुटल्यासारखे वाटले. मग आठवले की आमची इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेली आहे, सामाईक खर्च सर्व सदनिकाधारकांनी आपापल्या हिश्श्याने सोसावा हे त्या कायद्याचे सूत्र आहे, आणि २००९ साली आमच्या संघाचे कोषाध्यक्ष आम्हीच होतो. तो खर्च सामाईक म्हणून सभेपुढे ठेवणे हे कोणाचे काम होते? वही सरांनी ठेवली, कारण ती ठेवणाऱ्याने ठेवली नव्हती.

गेल्या उपवासकाळात एका रविवारी मिस्सा आटोपून सदरहून परत आलो आणि आम्ही उभयता तिसऱ्या मजल्यावर गेलो. पाकिटात नऊ हजार नऊशे पन्नास रुपये होते. काकूंनी पोहे केले. सरांनी नको-नको म्हटले नाही, की आभारही मानले नाहीत. पाकीट उघडून नोटा मोजल्या आणि कपाटातून ती वही काढली. “हे माझे एकट्याचे नाहीत,” ते म्हणाले, “सात घरांचे आहेत.” चौथ्या मजल्यावरच्या त्या बाई आता हयात नाहीत; त्यांचा वाटा मुलाला कळवायचा ठरला. एक घर विकले गेले आहे; त्यांचा पत्ता सरांपाशी होता. त्यांनी नवे पान काढून सात नावे लिहिली, प्रत्येकापुढे एक हजार चारशे एकवीस असा आकडा घातला, बेरीज दोनदा तपासली. नऊ हजार नऊशे सत्तेचाळीस झाले. मग आत जाऊन डब्यातून एकेका रुपयाची तीन नाणी आणली आणि आमच्या हातावर ठेवली.

मोटारीच्या जागेविषयी त्यांनी काही विचारले नाही. आम्ही सांगायचे ठरवून गेलो होतो. पोहे खाऊन झाले, चहा झाला, आणि आम्ही उठलो. खाली आलो तेव्हा पावसाची एक अवकाळी सर येऊन गेली होती. अंगणातल्या स्कूटरी भिजल्या होत्या, आणि कोपऱ्यात आमची मोटार कोरडी उभी होती.